भैरवीआधीची शाल

मैफलीत शेवटच्या भैरवीआधी कलाकारांचा सत्कार होतो, तसा आमच्या गावच्या सभागृहातही झाला. पेटीवर साथ करणाऱ्या सुलभाताईंच्या खांद्यांवर संस्थेच्या चिटणिसांनी शाल घातली, हातात नारळ दिला. टाळ्या थांबल्यावर ताईंनी शाल काढली, मांडीवर तिची नीट घडी घातली आणि नारळासकट परत तबकात ठेवली.

"मानधन ठरलं होतं," त्या म्हणाल्या.

"अहो ताई, घरचाच कार्यक्रम! कलेचं का कुठं मोल होतं?"

"स्पीकरवाल्यालाही नारळच दिलात का?"

पहिल्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं.

बातमीत हे एका वाक्यात येतं: शाल-श्रीफळ देऊन सत्कार करण्यात आला. वाक्य खोटं नसतं. पण कलावंताला मान देताना आपला हात सढळ असतो आणि त्या मानातच त्याची मजुरी वळती केली जाते. त्याचा वर्षानुवर्षांचा रियाज हा छंद ठरतो. घरी परतताना मात्र माणसं म्हणतात, आज फार बरं वाटलं. ते बरं वाटणं कुणाच्या तरी कामातून आलेलं असतं. कामाचे पैसे मागितल्याने कला बाटत नाही.

ताईंनी पेटीचा भाता बंद केला. ते पाहून गायिकेनेही तानपुरा खाली ठेवला.

"ताई, लोक खोळंबलेत," चिटणीस त्यांच्याजवळ बसून कुजबुजले.

"मग पाकीट लवकर आणा."

माइक चालूच होता. मागच्या रांगांतून टाळ्या सुरू झाल्या आणि चिटणीस उठले.