काथ्याची बादली

सिंगापुरातल्या तोआ पायोहच्या बाजारात आज नारळाची सोडणं सडत पडली होती. त्या दर्पाने वीस वर्षांपूर्वीची एक सकाळ आठवली.

माझा नवरा सुहास तेव्हा सिमेंटच्या पत्र्यांत काथ्या घालून ते मजबूत करण्यावर संशोधन करत होता. त्यासाठी त्याने आमच्या बाथरूममध्ये तीन आठवडे सोडणं कुजत घातली होती. त्या सकाळी बादलीत अळ्या वळवळताना दिसल्या. मला ओकारी आली आणि मी सगळं कचरा थेट तळमजल्यावर नेणाऱ्या शूटमध्ये ओतलं.

"अगं, काय केलंस हे!" म्हणत तो खाली धावला. मी पोचले तेव्हा तो उघड्या हातांनी कचऱ्यातून सोडणं वेचत होता.

शेजारणीने नाक दाबून मला विचारलं, "युअर हजबंड, इज इट?"

"नो," मी म्हणाले.

सुहासने ते ऐकलं. त्या 'नो'ची मला अजून किळस येते.