हमीद मास्तर आणि वरचा दांडा

ये ज्योती, अशी जवळ बस. आल्यापासून घड्याळ काय बघतेस? चहा निवला, तरी तुझं एकच पालुपद: ती वैशाली माझ्या पद्धतीत बसत नाही, तिला संघातून काढते. नांदेडात मुलींच्या फुटबॉलची कोच झालीस, पण ऐकून घ्यायचं विसरलीस. आमच्या हमीद मास्तरांचं ऐक, मग काढ कोणाला काढायचं ते.

लातूरला आमच्या गल्लीत ते कापूस पिंजायचे, गाद्या भरायचे. संध्याकाळी शाळेतल्या मुलींना फुटबॉल शिकवायचे. बसलेलं मी त्यांना कधी पाहिलंच नाही. चहासुद्धा फेऱ्या मारत प्यायचे, निम्मा सदऱ्यावर. माणसाचे आधी पाय बघायचे, मग तोंड. “अक्का, डावा गुडघा दुखून राहिला न्हवं?” असं मलाच विचारायचे. आणि शिस्त कडक. “ज्यानं त्यानं आपल्या जागी. जागा सोडली की खेळ सोडला.”

भूकंपात माझी धाकटी बहीण घराखाली गेली आणि तिची शांता माझ्याकडे आली. पोर छपराखाली थांबेना. जेवण अंगणात, झोपणं अंगणात. तेव्हा गल्लोगल्ली क्लास निघत होते, मीही एकात घातलं. सर म्हणाले, दारात बसणारी मुलगी आम्हाला चालणार नाही. मग ती मैदानावर जायला लागली. तिथं वर काही नव्हतं ना.

तिच्या हातातून चेंडू निसटत नसे. मास्तरांनी तिला गोलकीपर केलं. पण गोलाला वर दांडा असतो, हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही. शांता त्याच्यापासून लांब पुढं उभी राही आणि चेंडू डोक्यावरून जाळ्यात.

“शांते, मागं सरक. दांड्याखाली ऱ्हा.”

ती मागं जाई, वर बघे आणि पळत पुढं येई. मास्तर रोज ओरडत. शेवटी तिनं मैदानही सोडलं. अंगणात भिंतीपासून लांब पडून राही. मला वाटलं, ही पोर आता हातची जाते.

मास्तर आले. अंगणात नुसते गोल गोल फिरले. “अक्का, चुकलो. ओला कापूस पिंजत बसलो व्हतो. चल गं शांते, तुझी जागा सापडली.”

मग सगळा संघच त्यांनी हलवला. मागच्या दोघींना गोलाजवळ ठेवलं, शांताला त्यांच्याही पुढं. “हिला बघून बाकीच्यांनी सरकायचं.” मोठ्या बाई हसल्या. “मास्तर, एकीसाठी सगळ्या हलवता?”

“गादी माणसाच्या मापानं भरत्यात, बाई. माणूस कापून गादीवर निजवत न्हाईत.”

आणि जमलं की. शांता पुढं धावून चेंडू उचलायची, गोलापर्यंत येऊच द्यायची नाही.

मग नांदेडचा सामना. बरोबरी होती आणि शेवटी आमच्यावर पेनल्टी आली. पेनल्टीला गोलकीपरनं दांड्याखालीच उभं राहायचं, हा नियम. तो मास्तरांना हलवता येईना. शांता पांढरीफटक. मी पदर चावत बसलेली. मास्तर गोलामागं धावले आणि दोन्ही हातांनी खांब धरला.

“तू चेंडू बघ. वरचं मी बघून राहिलो.”

पंचांनी शिट्टी फुंकली. “अहो, बाहेर व्हा.”

मास्तरांनी हात काढले, मागं सरकले. शांता तिथंच उभी. वर बघितलं नाही. चेंडू कोपऱ्यातून आत गेला. आम्ही हरलो.

परतीच्या एसटीत मुली रडत होत्या. मास्तर दोन बाकांमधून फेऱ्या मारत होते, कंडक्टर वैतागलेला. मी विचारलं, “मास्तर, हरून एवढे खूश?”

“तुमास्नी गोल दिसला. मला पोरगी दिसली.”

त्या रात्री शांता आपण होऊन घरात, उंबऱ्याच्या आत झोपली. मास्तर मागच्या हिवाळ्यात गेले. जनाजा निघाला तेव्हा गल्लीच्या टोकाला ती उभी होती, उदगीरहून आलेली, तिच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरातून.

जा आता, तुझी बस चुकेल. पण लवकर ये गं पुन्हा. आणि त्या वैशालीला काढायच्या आधी इकडं घेऊन ये. तिचे पाय बघायचेत मला.