अनातोलिओस

चेन्नईत आमच्या शेजारी राहणाऱ्या मामी तंजावूरकडच्या मराठी. शब्द जुने, हेल तमिळ. रोज पहाटे आम्ही दोघी समुद्रावर जातो. चपला हातात घेऊन त्या पाण्याच्या कडेने झोपेत असल्यासारख्या चालतात. मुलीने ग्रीक मुलाशी लग्न केल्यापासून त्यांनी तिच्याशी अबोला धरला होता.

परवा चालता चालता म्हणाल्या, "नातू झाला. जावयानं कळवलं. नाव अनातोलिओस म्हणे! अय्यो, त्यांच्यातही फार कोणी ठेवत नाहीत."

"अर्थ काय?" मी विचारलं.

"उगवणं. सूर्याचं. जुना ग्रीक शब्द."

समोर पाणी तांबूस होत होतं. मामी थांबल्या आणि जीभ वळेपर्यंत ते नाव पुटपुटत राहिल्या. मग त्यांनी मुलीला फोन लावला.

"मामी, तिकडे अजून रात्र असेल," मी म्हटलं.

"असू दे. बाळंतीण जागीच असते."