तिच्या कोंबड्या का मेल्या नाहीत

आमच्या कोंबड्या कशाने मेल्या, हे आता मला कोणी विचारत नाही. विचारलं तर मी सांगते, आणि मी सांगायला लागले की ऐकणाऱ्या बाया पदर सावरून उठतात. उठू देत. तेव्हा तर सगळ्यांना फार माहीत होतं.

नाकाडोंगरीच्या बाजूला, जंगलाला लागून आमचं गाव. घरामागे वाडी, वाडीत खुराडं, खुराड्यात सासूबाईंच्या अकरा कोंबड्या. कनकी, म्हणजे तांदळाची चुरी, मी टाकायची, घाण मी काढायची, पण कोंबड्या त्यांच्या. कुंपणापलीकडे काकीचं घर. नात्याची कोणी नाही, पण लग्न होऊन आले तेव्हापासून मी तिला काकीच म्हणते. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, दुसऱ्यांच्या बांध्यांत धानाची रोवणी आणि कापणी करून पोट भरणारी बाई. तिच्याकडे सात कोंबड्या होत्या.

दिवाळीनंतर मंडई, म्हणजे आमच्या गावची जत्रा, आली. मंडईला आमच्याकडे इतके पाहुणे येतात की घरात पाय ठेवायला जागा राहत नाही, आणि पाहुण्यांना कोंबडा लागतोच. घरची कोंबडी कापायची म्हटलं की सासूबाईंचा जीव जातो. म्हणून मी आठवडी बाजारातून कोंबडा आणला. पिसं फुगवून, डोळे मिटून बसलेला. गर्दीनं दमला असेल, असं मीच माझ्या मनाला सांगितलं. स्वस्तात मिळत होता ना! दोन दिवस तो आमच्याच खुराड्यात कोंडला.

काकी कुंपणाशी येऊन उभी राहिली. बराच वेळ बघत होती.

"बाई, हा कोंबडा झुरून राहिला," ती म्हणाली. "याले तुह्या कोंबड्यांत नोको ठेवू. वेगळा बांध."

"बाजारातून आला काकी, थकला असन," मी म्हटलं.

"हिरवं हागून राहिला ना व. पाह्य तं खरं."

आतून सासूबाई ओरडल्या, "पाहुन्याच्या घासावर कायले नजर लावतं व?"

काकी निघून गेली. दुसऱ्या दिवशी कोंबडा कापला. पिसं आणि आतडी उकिरड्यावर. आमच्या कोंबड्या दिवसभर त्यात चोची मारत होत्या, मी बघत होते, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. सगळ्यांच्याच घरी असंच चालतं.

पाहुणे गेले आणि आठवड्याच्या आत पहिली कोंबडी बसली ती उठलीच नाही. मग दुसरी. चोच वासून श्वास घ्यायच्या, हिरवं-पांढरं हागायच्या, आणि एकीची मान तर पिळल्यासारखी पाठीकडे वळली. मेलेली कोंबडी वाया जाते, म्हणून सासूबाईंनी तीन कोंबड्या मरायच्या आधीच कापायला लावल्या. एकट्यानं खायची आमच्याकडे रीत नाही, तेव्हा चार घरी कच्च्या मटणाचे वाटे पोचवले. त्या घरांनी वाटे धुऊन पाणी आपापल्या वाडीत ओतलं. पुढच्या आठवड्यात त्या चारही घरच्या कोंबड्या मान टाकायला लागल्या. बघा, किती प्रेमानं वाटला आम्ही रोग!

गल्लीतली खुराडी एकेक करून रिकामी होत गेली. काकीच्या सात कोंबड्या मात्र मजेत माती उकरत होत्या. बस, एवढं पुरे झालं.

"कोंबडा झुरते म्हनून तिले आधीच कसं समजलं?" सासूबाई हँडपंपावर म्हणाल्या. "आनं तिच्याच कोंबड्या काहून नाही मरत?" सगळ्या बायांनी मान डोलावली. करणी! दुसरं काय असणार! आणि करणी परत पाठवायचा उपायही प्रत्येकीला तोंडपाठ: मेलेली कोंबडी करणाऱ्याच्या वाडीत फेकायची. तिनं केलेलं तिच्याच कोंबड्यांवर उलटतं.

फेकायचं काम सुनेकडे आलं.

मी बारावी शिकलेली आहे. शाळेत जंतू म्हणजे काय ते लिहून मार्क मिळवलेत. तरी एका दुपारी, काकीच्या घराचं मागचं दार लागलेलं बघून, मी ती ताठ झालेली कोंबडी पायांना धरून कुंपणापलीकडे फेकली. तिच्या कोंबड्या धावत आल्या आणि टोचायला लागल्या. मी पळत घरात आले, हात धुतले, आणि चक्क बरं वाटलं मला.

पंधरा दिवस गेले. तिची एकही कोंबडी मेली नाही. मग तर काय, पुरावाच मिळाला! कापणीच्या बायांनी काकीला हाक मारणं बंद केलं. बांध्यांत धान उभं होतं, हात कमी पडत होते, रोज सकाळी टोळी तिच्या दारावरून जायची आणि तिच्या दाराशी आली की सगळ्या गप्प व्हायच्या. ती विळा घेऊन ओट्यावर तयार बसलेली असायची. टोळी पुढे गेली की विळा आत नेऊन ठेवायची. मजुरीत मिळणारं तिचं वर्षाचं धान याच दिवसांत यायचं. आम्ही तिला उपाशी मारायला निघालो होतो, तेही हळदीकुंकू लावून, देवाचं नाव घेऊन.

तो विळा मला बघवेना. आमची शेवटची कोंबडी मेली तशी ती मी पिशवीत घातली आणि कोणाला न सांगता बसनं गुरांच्या दवाखान्यात गेले.

डॉक्टरांनी कोंबडी चिरली. आतलं जठर उलटून दाखवलं. टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके होते सगळीकडे.

"मानमोडी," ते म्हणाले. "बाजारातून नवीन काही आणलं होतं?"

"कोंबडा."

"वेगळा ठेवला होता? पिसं-आतडी पुरली होती? मेलेल्या कोंबड्यांचं काय केलं?"

उत्तराऐवजी मी शेजारणीच्या कोंबड्या का वाचल्या, तेवढं विचारलं.

"लस दिली असेल. डोळ्यात एक थेंब टाकला की काम झालं. तुमच्याच गावची एक बाई दिवाळीआधी दोनदा आली होती लस मागायला. पण बाटली शंभर कोंबड्यांची असते, फोडली की तास-दोन तासांत संपवावी लागते. सात कोंबड्यांसाठी कशी फोडणार? शंभर जमवा, मी येतो म्हटलं."

"आनं नाही जमल्या तं गावच्या कोंबड्या मरू द्यायच्या?" मी एवढ्या जोरात बोलले की बाहेर बैल धरून बसलेला माणूस डोकावला. डॉक्टर हात धुवायला निघून गेले.

पण शंभर का जमल्या नाहीत, ते मला तिथंच आठवलं. दिवाळीआधी काकी दारोदार फिरली होती. आमच्या दारातही आली होती. सासूबाई म्हणाल्या, औषध दिलेली कोंबडी अंडी देत नाही. आणि मी म्हटलं होतं, "कापनी तोंडावर असतानी कोंबड्या धरत कोन बसन, काकी?" मग तिनं आपल्या सातही कोंबड्या टोपल्यात घातल्या आणि बसनं चिखल्याकडे भावाच्या गावी नेल्या. तिथल्या लोकांनी शंभर जमवल्या होत्या. बसमध्ये कोंबड्या घेऊन चढताना तिला बघून आम्ही हसलो होतो.

संध्याकाळी हँडपंपावर सगळ्या जमल्या असताना मी सांगितलं. रोग मी बाजारातून आणला, वाटे आम्ही पोचवले, आणि करणी-बिरणी काही नाही.

"डाक्टरले काय समजते," सासूबाई म्हणाल्या.

"तुमाले तं लय समजते ना!" मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा, चारचौघींत. "उद्या टोळीनं काकीले हाक नाही मारली, तं मी बी येत नाही कापनीले!" भरलेल्या घागरी उचलून बाया निघाल्या.

घागर तिथंच ठेवून मी काकीकडे गेले. ती ओट्यावर कनकी पाखडत होती.

"काकी, तुह्या वाडीत मेलेली कोंबडी मीच फेकली होती."

"मालूम आहे. दाराच्या फटीतून दिसली होती तू."

"मंग बोलली काहून नाही? दारात येऊन शिव्या द्यायच्या होत्या मले!"

तिनं सूप खाली ठेवलं.

"कोंबडा बिमार आहे म्हनून बोलली, तं काय झालं पाहिलं ना? हे बी बोलली असती, तं तुमीच म्हनल्या असत्या, दार तं लागलं होतं, मंग इले कसं दिसलं?"