दारावरच्या बिबड्या

आमच्या भुसावळच्या घराचं पुढचं दार इतकं पोपडलं होतं, की बेल वाजवून उभा राहणारा प्रत्येक माणूस नखानं रंग सोलत बसायचा. दूधवाल्यानं तर कडीखालचा वीतभर पट्टा पार साफ केला होता. मी वर्षभर ह्यांच्या मागे लागले होते. हे वरणगावच्या फॅक्टरीतून रिटायर झालेले. रंगारी बोलवू म्हटलं की ह्यांचा अपमान होतो. "मी करतो की!" म्हणायचे आणि पेपरात डोकं घालायचे.

हलले ते अक्कांचा फोन आला तेव्हा. अक्का म्हणजे माझी नणंद, ह्यांच्याहून मोठी, पिंपळनेरला दिलेली. सासूबाई गेल्यापासून दोन आखाज्या झाल्या, माहेरी पाऊल टाकलं नव्हतं त्यांनी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी नाही तर आमच्याकडे सणच नाही. यंदा म्हणाल्या, "येते, पण आदल्या दिवशी. चारच्या गाडीनं परत."

पाच तास यायला, पाच तास जायला! असला राग आला मला. दुसऱ्या दिवशी सासूबाईंच्या नावाची घागर भरायची आणि त्यांची एकुलती एक लेक नुसतं तोंड दाखवून पळणार? ह्यांनी फोन ठेवला आणि थेट पॉलिशपेपर आणायला गेले. अक्कांनी राहावं, एवढंच आम्हा दोघांना हवं होतं. पण सांगणार कोण? मोठ्या पडल्या.

दार बिजागऱ्यांतून काढून गच्चीवर नेलं, दोन ड्रमांवर आडवं टाकलं. खरवडलं, घासलं, प्रायमर मारला. प्रायमर हाताला लागेनासा झाल्यावर ह्यांनी धूळ बसू नये म्हणून वरून एक जुनं धुतलेलं धोतर ताणलं आणि चारी कोपऱ्यांना विटा ठेवल्या. खाली चौकटीला मी पडदा लावला. बाहेर ग्रिल होतंच.

आता मला सांगा, ऐन उन्हाळ्यात गच्चीवर कमरेएवढ्या उंचीवर पांढरं धोतर ताणून ठेवलेलं दिसलं, तर खानदेशातली बाई काय समजेल? बिबड्यांची तयारी! ज्वारीचा गरमागरम घाटा ओल्या धोतरावर थापायचा आणि उन्हात वाळवायचा. शेजारच्या काकू दरवर्षी आमच्याच गच्चीवर बिबड्या घालतात. अक्का यायच्या दिवशी सकाळीच त्या दोघी-तिघींना घेऊन बाहेरच्या जिन्यानं वर गेल्या, धोतर पाहून खूश झाल्या, त्यावर तांब्याभर पाणी मारलं आणि थापायला बसल्या.

अकराच्या सुमाराला मी वर गेले तर दारावर ओळीनं बिबड्या!

"अहो काकू, दार आहे ते!"

"कुणाचं दार?"

"आमचं! खाली चौकट रिकामी दिसली नाही तुम्हाला?"

"मला वाटलं, तूच मांडून ठेवलंस गं! म्हटलं, किती गुणाची शेजारीण!"

धोतर ओलं होऊन प्रायमरला चिकटून बसलं होतं. काकू बिबड्यांसाठी हळहळत होत्या, मी दारासाठी ओरडत होते आणि रंग द्यायला वर आलेले हे हातात ब्रश घेऊन खांबासारखे उभे. तेवढ्यात मागून हसण्याचा आवाज आला. अक्का! खाली हाका मारून कुणी ओ देईना, म्हणून वर आल्या होत्या. हातात आंब्यांची पिशवी आणि पर्स. कपड्यांची बॅग नव्हती, ते मी आधी पाहिलं.

"ओ माय वो! दारावर बिबड्या!" म्हणत त्या कठड्याला टेकून हसत सुटल्या. हसता हसता डोळ्यांना पदर लावला. "आई असती ना, तर तुम्हा सगळ्यांना लाटण्यानं बडवलं असतं तिनं." दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडून मी 'आई' ऐकलं. माझा राग कुठल्या कुठे गेला.

मग त्यांनी पदर खोचला. पाणी मारत मारत धोतर सोडवलं. खाली दारावर ताटाएवढे गोल गोल डाग! काकूंनी आणि मी ते घासले, अक्कांनी पुन्हा प्रायमर मारला, आणि तो वाळल्यावर हिरवा रंगही त्यांनीच लावायला घेतला. भावाच्या हातात ब्रश म्हणून दिला नाही. "तू कडा सोडतोस," म्हणाल्या. त्यांच्या साडीवर हिरवे शिंतोडे उडत होते. चार वाजून गेले. मी घड्याळ पाहिलं आणि गुपचूप चहा टाकला.

दिवेलागणीनंतर आम्ही दोघी सांजोऱ्या तळत होतो तेव्हा पिंपळनेरहून दाजींचा फोन आला. कुठपर्यंत आलीस, विचारत असणार.

"काय करू, दार आजून वलं शे," अक्का म्हणाल्या. "दोन-चार दिन लागतीन."

भुसावळच्या उन्हात रंग ओला राहील का हो? दार केव्हाच खडखडीत झालं होतं. मी बोट लावून पाहिलं होतं, माझ्याआधी अक्कांनी पाहिलं होतं. पण आमचे हे म्हणजे सत्यवचनी. "अगं, ते तर कधीच..." म्हणून त्यांनी तोंड उघडलं, आणि मी त्यात गरम सांजोरी कोंबली.