लोकरीतली कुसळं

आखातातल्या मीना सलमान बंदरात ऑस्ट्रेलियातून मेंढ्यांचं जहाज लागलं की आमच्या गोदामातले रत्नागिरीचे चाचा काम टाकून धक्क्यावर जात. त्यांचा पणजा खलाशी. तिकडे सोनं सापडतंय म्हणून जहाजावरून पळाला, तो परतलाच नाही. चाचा प्रत्येक गोऱ्या खलाशाला पणजाचं नाव सांगून विचारत. एवढ्या वर्षांनी कोण ओळखणार, असं मी म्हटलं की म्हणत, "पुढच्या जहाजाला, इंशाल्ला."

कुवेतची लढाई संपल्यावर मी सुट्टीला रत्नागिरीला निघालो, तेव्हा त्यांनी हातात पुडी ठेवली. आत मेंढ्यांच्या लोकरीतून वेचलेली गवताची बियांसकट कुसळं होती.

"पणजीच्या कबरीशेजारची जागा आम्ही अजून मोकळी ठेवलीय, साहेब. तिथं टाका. त्या मुलखातलं गवत तरी तिच्या बाजूला उगवू दे."