सासूबाई कुणाच्या रिटर्नवर?

धाकट्या दिरांनी आज मला कोत्या मनाची म्हटलं, म्हणून हे लिहितेय.

सासूबाई सात वर्षं इथे अमेरिकेत, पिस्कॅटवेला आमच्याकडे आहेत. आम्ही नवरा-बायको दोघंही रिटायर्ड. त्यांचा सगळा खर्च आमचाच. पण त्याने कर वाचत असला, तरी घरच्या माणसाला टॅक्समध्ये ‘डिपेंडंट’, म्हणजे आपल्यावर अवलंबून, असं लिहायची आम्हाला लाज वाटायची. आता मागची तीन रिटर्न्स दुरुस्त करतोय, हे सांगायला मी अ‍ॅशबर्न गावी राहणाऱ्या दिरांना फोन केला.

“वहिनी, तुम्ही दाखवत नव्हता, म्हणून आईला मीच दाखवत आलो. एक माणूस दोघांच्या रिटर्नवर चालत नाही; आता मला टॅक्सची नोटीस येईल. आईवरून हिशेब करता?”

“हिशेब तुम्ही केलात, भाऊजी. मी डायपर बदलले.”

तुम्ही माझ्या जागी असतात तर दुरुस्ती करायची थांबला असतात?

दुपारी टॅक्सवाल्या बाईंकडे दिलं: तिन्ही वर्षांचे दुरुस्ती फॉर्म, औषधांची बिलं, आणि सासूबाई आमच्याच घरी राहतात असं डॉक्टरांचं पत्र.